पूर्वेकडच्या एल्कसाठी सरकारी जंगलात उतरण्याआधी

अमेरिकेच्या पूर्व भागात एल्कची, म्हणजे मोठ्या हरणाची, शिकार करायची तर पहिल्याच वर्षी टॅग (शिकारीचा परवाना) मिळेल असं धरून चालू नकोस. पेनसिल्व्हेनिया आणि केंटकी, दोन्हीकडे सोडत असते. पेनसिल्व्हेनियात नंबर लागला नाही तर पुढच्या सोडतीत संधी वाढवणारा बोनस पॉइंट साठतो, म्हणून अर्ज एकही वर्ष चुकवू नकोस. केंटकीत पॉइंट नाहीत आणि बाहेरच्या राज्यातल्यांना जास्तीत जास्त 10 टक्के परवाने. मिशिगनमध्ये तर रहिवासी नसशील तर विषयच संपला.

टॅग लागला की खरी परीक्षा सुरू होते. सरकारी जंगल भरपूर आहे, पण एल्कला हिरवं गवत हवं आणि ते बऱ्याचदा कुंपणापलीकडच्या खाजगी शेतात असतं. केंटकीत कळप जुन्या कोळसा खाणींवर लावलेल्या कुरणांत चरतात. त्यातली बरीच जमीन कंपन्यांची आहे. त्यामुळे फोनवर हद्दींचा नकाशा आधीच उतरवून ठेव, दऱ्यांत रेंज जाते.

सप्टेंबरात पहाटे नराची शिटीसारखी साद ऐकू येते. आवाजामागे धावू नकोस. कुरणातून दाट झुडपांकडे जाणारी वाट शोध: खुरांचे ताजे ठसे, चिखलात लोळल्याची जागा, आणि नराचा उग्र वास. तो वास आला की जनावर जवळ असू शकतं, तिथेच वारा तपासून बस.

आणि गोळी झाडण्याआधी रस्ता किती लांब आहे ते बघ. 300 किलोंचा नर उतारावर पडला तर मांस खांद्यावरून आणायला तीन-चार खेपा होतात. मदतीला दोन माणसं आधीच सांगून ठेव.