निळ्या दिव्याखालचे बाळ आणि निळ्या बाटलीतले पाणी

प्रश्न : माझ्या बहिणीच्या बाळाला जन्मानंतर तिसऱ्या दिवशी कावीळ दिसली, म्हणून दवाखान्यात त्याला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवले होते. आता नात्यातल्या एक आजी म्हणतात, की निळ्या बाटलीत पाणी भरून उन्हात ठेवावे आणि तेच बाळाला पाजावे. निळ्या प्रकाशाने कावीळ उतरते, तर या पाण्यानेही उतरेल काय? – एक वाचक, परभणी

उत्तर : बाळाला दिव्याखाली ठेवले हे योग्यच झाले, बाटलीतले पाणी मात्र कृपया पाजू नका. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय साधे पाणीसुद्धा द्यायचे नसते.

तांबड्या रक्तपेशी मोडल्या, की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. नवजात बाळाच्या यकृताला ते वेगाने बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे ते त्वचेत साठते; फार वाढले, तर मेंदूलाही इजा करू शकते. साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश हे द्रव्य शोषून घेते, त्याच्या रेणूची ठेवण बदलते आणि मग ते पाण्यात विरघळण्याजोगे होऊन पित्तावाटे व लघवीवाटे निघून जाते. तांबडा प्रकाश बिलिरुबिन जवळजवळ शोषतच नाही, म्हणून तांबड्या दिव्याचा येथे उपयोग नाही. हे सारे त्वचेत घडत असल्यामुळेच बाळाच्या अंगावर फक्त लंगोट ठेवतात. डोळे जपण्यासाठी त्यांवर पट्टी बांधतात आणि अधूनमधून अंगावर पाजायला बाहेर काढतात.

या उपचाराचे मूळ इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात आहे. उन्हात नेलेल्या बाळांचा पिवळेपणा कमी होतो, हे तिथल्या परिचारिका जीन वॉर्ड यांच्या ध्यानात आले आणि १९५८ साली तिथल्या डॉक्टरांनी त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज असंख्य बाळांचे मेंदू ज्यामुळे वाचतात, त्या उपचाराच्या मुळाशी एका परिचारिकेची नजर आहे, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

बाटलीतल्या पाण्यात बिलिरुबिन नाही आणि निळा प्रकाश साठवून ठेवील असेही काही नाही. उन्हातून आत आणले, की ते निव्वळ कोमट पाणी उरते. प्रकाश कोणत्या रंगाचा आहे एवढेच पाहून भागत नाही, तो शरीरातले कोणते द्रव्य टिपते हे पाहावे लागते. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशींत मेलॅनोप्सिन नावाचे द्रव्य असते, तेही निळाच प्रकाश टिपते, पण तिथे परिणाम निराळा होतो : रात्री मेलॅटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक कमी स्रवते आणि झोप उशिरा लागते.

बाळाला थेट उन्हातही धरू नका. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात कोवळी त्वचा भाजते, अंगातले पाणी कमी होते आणि वाढलेली कावीळ त्याने आटोक्यात येत नाही. तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, बाळ दूध ओढेनासे झाले, उठवूनही सुस्त पडून राहिले, शी पांढुरकी होऊ लागली किंवा दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.