‘स्टेशन’, ‘प्रॉडक्शन’ यांतला ‘शन’ मूळचा कुठला? इंग्रजीबाहेर तो सापडतो का?

सापडतो, आणि भरपूर. मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘आगेरे’ म्हणजे करणे. त्याच्या ‘आक्तुस’ या रूपावरून ‘आक्तिओ’, म्हणजे कृती. विभक्ती लागली की ‘आक्तिओनेम’ होतं, आणि शेवटचा ‘न’ तिथून पुढच्या भाषांत उतरला. फ्रेंचमध्ये ‘-सिओं’, स्पॅनिशमध्ये ‘-सिओन’, इटालियनमध्ये ‘-त्सिओने’. रशियनमध्ये ‘न’ गळाला. तिथं ‘रेव्होल्यूशन’ म्हणजे ‘रेवोल्यूत्सिया’. तुर्कांनी फ्रेंचांकडून ‘इस्तास्योन’ घेतलं. इंग्लंडात हे शब्द 1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून शिरले आणि उच्चार झिजत ‘शन’वर आला. आपलं ‘रेशन’ आणि इंग्रजी ‘रीझन’ ही तर सख्खी भावंडं, दोन्ही ‘रातिओ’ म्हणजे हिशेब या एकाच शब्दाची.

मला यात सगळ्यात आवडतं ते वेगळंच. मी कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम करतो. ‘रिजेक्शन’ म्हणजे खरं तर नाकारण्याची क्रिया. पण आमच्याकडं ‘रिजेक्शन बाजूला लाव’ म्हटलं की पोरं नापास झालेली कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, उचलतात. ‘इन्स्पेक्शनला जाऊन ये’ म्हणजे तपासणीच्या खोलीत जाऊन ये. क्रियेचं नाव वस्तूला, जागेला चिकटतं. लॅटिनमध्येही हेच झालं होतं: ‘स्तातिओ’ म्हणजे आधी नुसतं उभं राहणं, मग उभं राहण्याची जागा, चौकी.

आता हा ‘स्तातिओ’ आणि आपली ‘स्थिती’ शेजारी ठेवून बघा. धातू एकच, उभं राहण्याचा. आणि प्रत्ययही! गती, मती, कृती यांतला ‘ति’ हाच लॅटिन ‘तिओ’चा गाभा, तिकडं त्याला पुढं आणखी एक शेपूट जोडलं गेलं, एवढंच. पाणिनीचं सूत्र आहे ‘स्त्रियां क्तिन्’, म्हणजे हा प्रत्यय लागून होणारी नामं स्त्रीलिंगी. लॅटिनमध्येही ‘-तिओ’वाली भाववाचक नामं स्त्रीलिंगीच, आणि फ्रेंच, स्पॅनिश, इटालियननं ते लिंग आजपर्यंत सांभाळलंय.

मराठीत मात्र हे शब्द इंग्रजीतून आले, आणि इंग्रजीनं लिंग कधीच टाकून दिलं होतं. त्यामुळं आपण बहुधा आपल्या शब्दाकडं बघून लिंग ठरवतो. निवडणूक ‘ती’, म्हणून ‘इलेक्शन लागली’. स्थानक ‘ते’, म्हणून ‘स्टेशन आलं’.