सासूबाईंचं पोट आणि पन्नास बिलियनचा डबा

ताई, प्रश्न दोनदा वाचला. सासूबाई ६७ वर्षांच्या, पोट रोज साफ होत नाही, दोन घास खाल्ले की पोट टम्म. पुण्याच्या भाच्याने ऑनलाइन मागवून '५० बिलियन' छापलेला प्रोबायोटिकचा, म्हणजे पोटाला उपकारक जिवंत जिवाणूंचा, डबा पाठवला, तो सुरू केल्यावर गॅस उलट वाढला. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: डबा पुढे चालू ठेवायचा का, घरच्या दह्यापेक्षा त्यात जास्त काय असतं, आणि अँटिबायोटिकने जुलाब लागलेल्या चार वर्षांच्या नातवाला त्यातलीच कॅप्सूल फोडून द्यायची का.

मी मिरजेत मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही. पण मिरज हे दवाखान्यांचं गाव, जतपासून कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीपर्यंतच्या लोकांच्या चिठ्ठ्या काउंटरवर येतात, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना निघताना 'पोटासाठी काहीतरी द्या की' म्हणायचंच असतं.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: बीपी-शुगरच्या गोळ्या आधीपासून आहेत, दिवाळीनंतर रक्तवाढीची आणि कॅल्शियमची सुरू झाली. पोटाची तक्रारही दिवाळीनंतरचीच. माझं लक्ष डब्यापेक्षा या वाक्यावर जास्त गेलं. रक्तवाढीच्या, म्हणजे लोहाच्या, गोळीने पोट जड होणं, शौचाला खडा धरणं हे नेहमीचं. कॅल्शियम कार्बोनेटची तीच तऱ्हा. शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर तिने गॅस आणि पातळ शौच होते, म्हणजे एकाच पोटात दोन्हीकडून ओढाताण. त्यावर ५० बिलियन काय, ५०० बिलियन ओतले तरी कारण जागेवरच राहणार. गोळ्या मनाने बंद करू नका. सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता आणि विचारा: लोहाचा प्रकार किंवा वेळ बदलता येईल का, मेटफॉर्मिन हळूहळू विरघळणारी, म्हणजे एसआर, देता येईल का. लोह आणि कॅल्शियम एकदम घेत असतील तर तेही सांगा, एकत्र घेतली की कॅल्शियम लोहाला नीट शोषू देत नाही.

आता जरा नाजूक विषय. रक्त कमी झालं म्हणून गोळी सुरू झाली, पण रक्त कमी का झालं ते कुणी बघितलं का? पासष्टीच्या पुढच्या बाईचं हिमोग्लोबिन उतरतं आणि त्याच सुमारास शौचाची सवय बदलते, तेव्हा आतून कुठे रक्त जात नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं. बहुतेकदा मूळव्याध, आहार असलंच काहीतरी निघतं, कधी कधी आतड्याचा कर्करोगही निघतो, आणि तो लवकर कळलेला बरा. लोहाच्या गोळीने शौच काळपट-हिरवट होते, त्याला भिऊ नका. डांबरासारखी चिकट, काळीभोर आणि घाण वासाची शौच, लाल रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन, पोटाने रात्रीची झोप मोडणं, गिळायला त्रास, यातलं काहीही असेल तर या आठवड्यातच दाखवा. 'आधी एक महिना प्रोबायोटिक घेऊन बघू' असं इथे चालत नाही.

आता तुमच्या डब्याकडे वळू. तुम्ही मागच्या बाजूचा फोटो टाकलात ते बरं झालं. वर ठळक अक्षरात '१६ प्रकारचे जिवाणू', खाली बारीक अक्षरात 'नॉट फॉर मेडिसिनल युज' आणि चौदा आकडी एफएसएसएआय, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, क्रमांक. म्हणजे हे औषध म्हणून विकलेलं नाही, खाद्यपदार्थाच्या नियमात बसवून विकलेलं आहे. त्या नियमात दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत एवढी अट आहे. ५० बिलियन म्हणजे ५ हजार कोटी, आकडा ऐकून छाती दडपते. पण माणसाच्या अंगात मुळात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. त्या गर्दीत आकडा मोठा असला म्हणून काम मोठं होतं असं नाही. कोणत्या तक्रारीवर कोणता जिवाणू किती मात्रेत तपासला गेला, ते महत्त्वाचं.

म्हणून डब्यावर मी पहिल्यांदा नावाच्या शेपटीकडे बघतो. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' लिहिलेलं पुरत नाही, पुढे 'जीजी' आहे का? 'लॅक्टोबॅसिलस केसी' असेल तर 'शिरोता' आहे का? ही शेपटी म्हणजे त्या जिवाणूचं नेमकं वाण, आणि अभ्यास होतात ते वाणावर. तुमच्या डब्यावर सोळा नावं आहेत, शेपटी एकालाही नाही. अशा मिश्रणाबद्दल कुणी काहीही दावा करावा, तो तपासायचा कसा?

दुसरी गोष्ट, त्याच यादीत तळाला 'एफओएस, इन्युलिन' लिहिलंय. हे जिवाणूंचं खाद्य, प्रीबायोटिक. आतड्यात ते आंबतं आणि आंबताना वायू होतो. ज्यांचं पोट आधीच फुगतं त्यांना यानेच जास्त फुगारा येतो. तुमच्या सासूबाईंचा वाढलेला गॅस यातून आला असण्याची दाट शक्यता आहे. 'शरीर शुद्ध होतंय, सुरुवातीला त्रास होणारच' असं भाचा म्हणाला ना? ते मनावर घेऊ नका.

तिसरी, साठवण. लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम ही मंडळी उष्णतेपुढे टिकत नाहीत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, पार्सल दुपारभर टेम्पोत तापतं, नंतर आपण डबा ठेवतो फ्रीजवर, जिथे मागून गरम हवा लागते. फ्रीजवर नव्हे, सांगितलं असेल तर फ्रीजमध्ये! त्यातल्या त्यात बॅसिलस क्लॉसी किंवा बॅसिलस कोॲग्युलन्स हे बीजाणूच्या, म्हणजे कडक कवचात झोपलेल्या, रूपात असतात, त्यांना फ्रीज लागत नाही. मेडिकलमध्ये ५ मिलीच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या मिळतात ना, हलवून, मान मोडून प्यायच्या, त्यात क्लॉसीचे २०० कोटी बीजाणू असतात.

घेतलेले जिवाणू आतड्यात कायमचे घर करत नाहीत. लोणंदला माउलींची पालखी यावी, मुक्काम करावा आणि पुढच्या वाटेला लागावी, तसं त्यांचं असतं. मुक्कामात काय काम होईल ते होईल, कॅप्सूल थांबली की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, ते दिसेनासे होतात. त्यामुळे 'एक कोर्स केला की पोट वर्षभर सेट' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

घरात सगळ्यांनीच टॉनिकसारखं रोज घ्यावं का? माझं मत, नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, एजीएने, २०२० साली सगळे अभ्यास चाळून जो सल्ला दिला, तोही बराच हात राखून आहे. बहुतेक पोटाच्या आजारांत प्रोबायोटिकची सरसकट शिफारस त्यांनी केलेली नाही, आयबीएसमध्येसुद्धा, म्हणजे तपासणीत काही न सापडता पोट वारंवार दुखतं-बिघडतं त्या विकारात, फक्त संशोधनाच्या चौकटीत वापरा म्हटलंय. ब्रिटनचा सल्ला थोडा सैल आहे: आयबीएसच्या रुग्णाला घ्यायचंच असेल तर एकच उत्पादन किमान चार आठवडे, सांगितलेल्या मात्रेत घ्या आणि फरक टिपत राहा. मला हा मार्ग व्यवहारी वाटतो. बद्धकोष्ठतेवर बायफिडोबॅक्टेरियमच्या काही वाणांचा थोडाफार उपयोग काही अभ्यासांत दिसलाय, पण इसबगोलच्या आधी त्याचा नंबर लागावा इतका नाही.

आणि काहींनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. केमो चालू असलेले, अवयव बदललेले, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारे, मोठ्या शिरेत नळी असलेले. जिवंत जंतू आहेत, दुबळ्या अंगात रक्तात शिरू शकतात. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला गंभीर सूज आलेल्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलं, २००८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा प्रोबायोटिकच्या गटात मृत्यू जास्त होते. आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक 'पेशंटला शक्तीसाठी' म्हणून हे मागतात तेव्हा मी देत नाही, कितीही हुज्जत घातली तरी.

दह्याचं विचारलंत. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेने मिळून व्याख्या केली: पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव ते प्रोबायोटिक. घरच्या विरजणात जिवाणू भरपूर असतात, पण कोणते आणि किती हे घरागणिक, ऋतूगणिक बदलतं. म्हणून काटेकोरपणे दही त्या व्याख्येत बसत नाही. तसं दह्याला ते बिरुद फारसं लागतही नाही. दूध ज्यांना पचत नाही त्यांना दही सोसतं, कारण दुधातली थोडी साखर विरजताना वापरली जाते आणि उरलेली पचवायला ते जिवाणू हातभार लावतात. दुपारच्या जेवणात वाटीभर ताजं दही किंवा जिरं-हिंग घातलेलं ताक, हे मी डब्याच्या आधी सुचवीन. आंबट ढाण झालेलं नको, त्यांना जळजळ असेल तर वाढेल. कढी आणि शिजवलेली आंबील यात जिवाणू उकळताना मरतात, चव आणि पोषण राहतं. लोणच्यातून प्रोबायोटिक मिळतं असं हल्ली व्हिडिओत सांगतात, पण आपलं तेल-मिठात मुरवलेलं कैरीचं लोणचं फारसं आंबतच नाही, वर बीपीवाल्याला मीठ नको. आणि ती याकुल्टची ६५ मिलीची लाल झाकणाची बाटली आणायची म्हणत असाल, तर त्यात ६५० कोटी शिरोता जिवाणू असतात हे खरं, पण साखरही असते. सासूबाईंची शुगर लक्षात ठेवा.

तुम्ही जेवणाबद्दल लिहिलंय त्यात मला खरी मेख सापडली: सकाळी चहा-खारी, दुपारी मऊ वरणभात, चारला परत चहा-टोस्ट, रात्री दूधभात. कवळी बसवल्यापासून भाकरी सुटली. अहो, चोथा येणार कुठून? कवळी सैल असेल तर ती दुरुस्त करून घेणं हे या घरातलं पहिलं पोटाचं औषध. तोवर ज्वारीची भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून, हुलग्याचं माडगं, शिजवून घोटलेली अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून, पिकलेल्या पपईची फोड, हे चावायला लागत नाही. तासगावचे बेदाणे भिजवून देतात बरेच जण, शुगर असेल तर चार-पाचच्या वर नको. चोथा हळूहळू वाढवा, एकदम वाढवला तर त्यानेही पोट फुगतं.

इसबगोल रात्री एक चमचा, मोठा पेलाभर पाण्यात लगेच, आणि वर आणखी पाणी. कमी पाण्यात घेतलं तर तेच आत घट्ट बसतं. गिळायला त्रास असेल तर देऊ नका. इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. सकाळी चहा-नाश्त्यानंतर आतड्याला आपोआप ढकल मिळते, तेव्हाच संडासला बसायचं, नातवाच्या शाळेच्या गडबडीत ती वेळ टाळायची नाही. कमोड असेल तर पायाखाली ठेंगणं स्टूल. ही सगळी घडी बसून महिना झाला, डॉक्टरांनी बाकी काही नाही सांगितलं आणि तरी पोट फुगत असेल, तर मग एक वाण-नावानिशी असलेलं प्रोबायोटिक चार आठवडे घेऊन बघा. त्या काळात दुसरं काही नवं सुरू करू नका, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही. फरक नाही पडला तर बंद.

राहिला नातू. इथे मात्र प्रोबायोटिकची बाजू भक्कम आहे. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात सहा हजारांवर मुलांचे ३३ अभ्यास एकत्र पाहिले. अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक घेतलेल्यांत १०० पैकी साधारण ८ मुलांना जुलाब लागले, न घेतलेल्यांत १९ जणांना. पण हा फायदा अँटिबायोटिक सुरू होतानाच दिलं तर, आणि मुख्यतः वर सांगितलेल्या ऱ्हॅम्नोसस जीजी किंवा सॅकरोमायसिस बुलार्डी यांचा. बुलार्डी ही यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिक तिला मारत नाही. जिवाणूंचं असेल तर अँटिबायोटिकपासून दोन तासांचं अंतर ठेवायचं. सासूबाईंच्या डब्यातली मोठ्यांची कॅप्सूल फोडून देऊ नका. बालरोगतज्ज्ञांना फोन करून 'जुलाब लागलेत, अँटिबायोटिक चालू ठेवायचं की बदलायचं, सोबत सॅशे द्यायचं का' एवढं विचारा. फोन लागेपर्यंत ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण विरघळवून घोट-घोट पाजत राहा, जेवण थांबवू नका. झिंकही विचारून घ्या, या वयाला सहसा २० मिलिग्रॅम रोज, १० ते १४ दिवस देतात, जुलाब आधी थांबले तरी. शौचात रक्त दिसलं, पोरगं मलूल झालं, डोळे खोल गेले किंवा सहा-आठ तास शू झाली नाही, तर फोनची वाट न बघता सरळ दवाखाना गाठा, रात्र असली तरी.