जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या छताचं लायनिंग न फाडता काढता येतं का, आणि ते परत वापरता येईल का?

येतं, आणि न फाडताच काढा. तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९८७ ची पद्मिनी देवगडला घराच्या खळ्यात उभी आहे, छताचं रेक्झिन मधोमध लोंबतंय, एका कडेला काळी बुरशी धरलीय आणि कुशनवाला म्हणतोय फाडून टाकू, नवीन मारू, संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन जा. त्याला आधी थांबवा. मी कुडाळकडे सीट कव्हर आणि रिक्षाच्या हुडांचं काम करतो, जुन्या गाड्यांची छतं हे त्यातलं माझं सगळ्यात आवडीचं काम, आणि तुम्हाला कळकळीने सांगतो, ते लायनिंग कितीही सडलेलं दिसलं तरी तुमच्या छताचा खरा नमुना तेवढाच आहे. पद्मिनी बनायची बंद होऊन २० वर्षांच्या वर झाली, मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली, आता तयार शिवलेलं लायनिंग कुठे मिळालं तर नशीब. जुनं फाडलं की कारागीर अंदाजाने कापतो आणि मग ते छत आयुष्यभर सुरकुत्यांचं राहतं.

आधी ते टिकलंय कशावर ते समजून घ्या म्हणजे हात चुकणार नाही. ह्या गाड्यांत कापड छताच्या पत्र्याला चिकटवलेलं नसतं, ते टांगलेलं असतं. कापडाच्या वरच्या बाजूला आडव्या नळ्या शिवलेल्या असतात (परकराच्या नाडीला असते तशी नळी), त्या प्रत्येकीतून एक लोखंडी सळी जाते आणि सळीची दोन्ही टोकं डावी-उजवीकडे दारांच्या वर पत्र्यातल्या भोकांत बसतात. सोल्यूशन (चिकटवायचा गम) फक्त कडांना असतं, म्हणजे दारांच्या बीडिंगखाली (चौकटीच्या कडेची पट्टी) आणि पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखाली. तेव्हा मधे लोंबतंय याचा अर्थ कापड गेलं असा नाही, बहुतेक वेळा नळीचा दोरा कुजलेला असतो नाहीतर कडेचं सोल्यूशन सुटलेलं असतं, आणि हे दोन्ही दुरुस्त होतं.

सुरुवात बॅटरीची वायर काढून करा, आतल्या दिव्याच्या वायरी हातात येणार आहेत. मग सनवायझर, आरसा, हँडल, दिवा, दारांचं बीडिंग, जे जे कापडावर बसलंय ते सगळं काढा आणि प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पुडीत बांधून नाव लिहा. फोटो भरपूर काढा, विशेषतः कोपऱ्यांचे, तिथे कापड कसं दुमडलंय आणि कुठे काप दिलाय ते नंतर कुणालाच आठवत नाही. काचेजवळच्या कडेवर मध्यभागी खडूने खूण करा, पुढे एक मागे एक. ही खूण नसेल तर परत लावताना सगळं एका बाजूला सरकतं आणि ते कळतं शेवटी, सोल्यूशन वाळल्यावर.

काचा काढायचं काम दोन माणसांचं. रबराची ओठी उचलायला स्क्रू ड्रायव्हर अजिबात घालू नका, काच तडकते आणि पत्र्याचा रंगही जातो, आपल्याकडे चिवारीची (बांबूची) कामटी मिळते ती घासून गुळगुळीत करा आणि साबणाचं पाणी लावत लावत रबर उलटा. नवीन रबर आधी आणून ठेवा, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचं सामान विकणारे आहेत, तिथे चौकशी करा. ते हातात असेल आणि जुनं दगडासारखं कडक झालं असेल तर सरळ जुनं रबर कापा आणि काच वाचवा.

आता कडा. हेअर ड्रायरने थोडी ऊब द्यायची, सोल्यूशन नरम झालं की कापड स्वतःवर दुमडत हळूहळू सोलायचं, सरळ खाली ओढायचं नाही. एका जागी ड्रायर धरून ठेवलात तर रेक्झिन आकसतं आणि तो तुकडा मग कधीच पुरत नाही. थिनर कापडाला लावू नका, तो पत्र्यावरचं उरलेलं सोल्यूशन पुसायला, तोही कापड गाडीच्या बाहेर गेल्यावर, दारं उघडी ठेवून आणि आसपास कुणी विडी ओढत नाही ना ते बघून. काही गाड्यांत कडेला पत्र्याचे बारीक दात कापडात रुतलेले असतात, ते एकेक करून उलटे वाकवा.

कडा सुटल्या की सगळं सळ्यांवर लोंबत राहतं आणि इथेच घाई होते. सळ्यांची लांबी आणि बाक वेगवेगळा असतो, दिसायला सारख्या वाटतात पण नाहीत. पुढून मागे एक, दोन, तीन असे नंबर चिकटपट्टीवर लिहून सळीच्या डाव्या टोकाला लावा म्हणजे डावं-उजवंही कळेल. पत्र्यात एकाच सळीसाठी दोन-तीन भोकं दिसली तर कुठल्या भोकात टोक होतं ते लिहा, छताची उंची आणि ताण त्यावर ठरतो. सळी थोडी मागे-पुढे फिरवली की टोक भोकातून निघतं. मागची सळी कधीकधी तारेच्या हुकांनी मागे ओढून धरलेली असते, हिसका न देता आधी हुक काढा. आणि तोंडाला मास्क बांधा, वर उंदरांची घरटी, कुंभारीण माशीची मातीची घरं, कुजलेला गोणपाट काय वाट्टेल ते निघतं.

कापड बाहेर आल्यावर सगळ्यांचं लक्ष कापडाकडे जातं, पण तुम्ही पत्र्याकडे बघा, कोकणात खरं दुखणं तिथेच असतं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्राचा खारा वारा, छताच्या पन्हळीच्या सांध्यातून पाणी झिरपतं आणि आतल्या बाजूने पत्रा खात जातं, लायनिंगमुळे ते वर्षानुवर्षं दिसत नाही. तुमची बुरशी एकाच कडेला आहे म्हणजे पाणी बहुतेक तिथूनच येतंय. पाईपने छतावर पाणी सोडा आणि एकाने आत बसून टॉर्चने बघा. गळती सापडली की सांधा खरवडून सीलंट भरा, गंज घासा, प्रायमर, मग रंग. हे सोडून नुसतं नवीन रेक्झिन मारलं तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तोच डाग.

कापड धुवायचं साध्या साबणाच्या कोमट पाण्याने, मऊ ब्रशने, सपाट फळीवर पसरून. बुरशीला पांढरं व्हिनेगर अर्धं पाणी घालून चालतं. ब्लीच नको, दोरा कमजोर होतो. वाळवायचं पडवीत, वाऱ्यावर. कडक उन्हात टाकलं तर जुनं रेक्झिन पापडतं. सळ्या पॉलिश पेपरने घासून प्रायमर मारा, गंजलेली सळीच कापडावर तपकिरी पट्टे उठवते. नळ्या उसवल्या असतील तर जुन्याच भोकांतून पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवून घ्या. छोटी फाट असेल तर मागून कापडाचा तुकडा चिकटवा आणि पुढून ठिगळ हवंच असेल तर काचेच्या रबराखाली दडलेल्या कडेतून थोडंसं कापून घ्या, तिथे जास्तीचं कापड असतं आणि उन्हात न आल्यामुळे त्याचा मूळ रंगही दिसतो, पुढे नवीन रेक्झिनचा रंग जुळवायला तोच तुकडा दुकानात दाखवा.

रेक्झिन हातात घेतल्यावर कडकड मोडत असेल तर मात्र ते परत चढवू नका, ताण दिला की फाटेल. अशा वेळी शिवण उसवा, प्रत्येक भाग सपाट करून ब्राऊन पेपरवर उतरवा. कडांना चारही बाजूंनी दोन-अडीच इंच जास्त ठेवा, पण शिवणींमधलं अंतर आणि नळीची खोली अजिबात बदलू देऊ नका. नळी अर्ध्या इंचाने खोल झाली तर छत तेवढंच खाली येतं आणि उंच माणसाचं डोकं लागतं.

जुनं लगेच लावायचं नसेल तर घडी घालू नका, पीव्हीसी पाईपवर जुन्या चादरीसकट गुंडाळून माळ्यावर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलंत तर आपल्या हवेत आतल्या आत बुरशी धरेल.

आणि परत लावायचं काम दिवाळी ते शिमगा याच काळात करा, फार तर मिरगाच्या बरंच आधी. दमट हवेत सोल्यूशन वाळताना त्याच्यावर बाष्प बसतं, पांढरट थर येतो आणि पकडच येत नाही, कारागिराचा हात कितीही चांगला असो. साधं पांढरं फेविकॉल इथे चालत नाही, रबर बेसचं आणि उष्णता सहन करणारं सोल्यूशन मागा, दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. मधल्या खुणा जुळवून आधी पुढची-मागची कड, मग बाजू. थोड्या सुरकुत्या राहिल्या तर लगेच ओढाताण करू नका, काचा बंद करून गाडी दुपारभर उन्हात उभी करा, बऱ्याचशा आपोआप जातात आणि उरलेल्या ऊब देऊन कडेला ओढता येतात.

कुशनवाला तोच ठेवायचा असेल तर काढायचं काम तुम्ही स्वतः घरी करा, दोन रविवार जातील, आणि त्याच्याकडे नंबर लावलेल्या सळ्या आणि धुतलेलं लायनिंग घेऊन जा. शिवायचं आणि ताणायचं काम त्यालाच द्या, मजुरी आधी ठरवा, आणि जुनं कापड परत मागून घ्या.