आई-बाबा सहा महिने अमेरिकेला निघालेत: औषधं कशी भरायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई-बाबा ऑक्टोबरमध्ये सांगलीहून न्यू जर्सीला ताईकडे साडेपाच महिन्यांसाठी निघालेत. बाबांना मधुमेह आणि बीपी, दोन्ही वेळा ३०/७० इन्सुलिन (लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण), तेही बाटलीतलं. आईला थायरॉइड, गुडघेदुखी आणि रात्री झोपेची पाव गोळी. औषधांनीच अर्धी बॅग भरतेय, म्हणून एका नातेवाइकांनी सुचवलंय की सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून डब्यांत भरा.

तेवढं मात्र करू नका. मी फार्मासिस्ट आहे, माझं स्वतःचं मेडिकल आहे. परदेशी मुलांकडे निघालेल्या आई-वडिलांची औषधं बांधून देणं हे आमच्याकडे वर्षभर चालू असतं. त्यात मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघते: ही गोळी कोणती, कोणाची आणि कशासाठी, हे आई-बाबा एक अक्षरही न बोलता अनोळखी माणसाला वाचता आलं पाहिजे. तो माणूस कस्टम्सचा अधिकारी असेल, नाहीतर रात्री दोन वाजता इमर्जन्सीमधला डॉक्टर असेल. डब्यातल्या सुट्या पांढऱ्या गोळ्या दोघांनाही काही सांगत नाहीत.

सुट्या गोळ्यांचं दुसरं नुकसान औषधाचंच होतं. बीपीसाठी आपल्याकडे घरोघरी चालणारं टेल्मिसार्टन हवेतली आर्द्रता ओढून घेतं. ते घ्यायच्या क्षणीच स्ट्रिपमधून काढायचं असतं. आठवड्याच्या सात खणांच्या डबीतही मी ते भरू देत नाही. थायरॉइडची गोळी मुळातच बाटलीत येत असेल तर ती त्याच बाटलीत राहू दे. जागा वाचवायचीच असेल तर वरचे पुठ्ठ्याचे खोके काढून टाका, स्ट्रिपा एकावर एक रचून रबर लावा. वाटतं त्यापेक्षा फारच कमी जागा लागते.

स्ट्रिपा घेतानाही एक बघा. आमच्याकडे काउंटरवर कात्रीने सहा गोळ्या कापून देतात, ते घरच्या वापराला ठीक आहे. पण बॅच नंबर आणि एक्स्पायरी बहुतेक वेळा स्ट्रिपच्या एकाच टोकाला छापलेली असते. ते टोक दुकानातच राहिलं की तुमच्या हातातल्या तुकड्यावर औषधाचं अर्धवट नाव उरतं, तारीख उरतच नाही. म्हणून प्रवासासाठी अख्ख्या स्ट्रिपाच मागा, आणि एक्स्पायरी आजची नाही, परतीच्या तारखेच्या पुढची बघा. बिल पेशंटच्या नावाने करून घ्या. त्यावर औषधं, बॅच, एक्स्पायरी आणि डॉक्टरांचं नाव येतं, आणि ते बिल फाइलला लागतं.

आता कागद. अमेरिकेत औषध नेताना इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन किंवा डॉक्टरांचं पत्र सोबत असावं लागतं. आपल्या डॉक्टरांची नेहमीची चिठ्ठी त्याला पुरत नाही. तिच्यावर बहुधा ‘पाटील काकू’ असं नाव असतं आणि औषधांची फक्त ब्रँडनावं असतात. लेटरहेडवर टाइप केलेलं पत्र मागा. त्यात पासपोर्टवर आहे अगदी तसंच पूर्ण नाव, आजार, प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव (आतल्या मूळ औषधाचं नाव) आणि ब्रँड, रोजचा डोस, किती महिन्यांसाठी, आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर हवा. बाबांच्या पत्रात इन्सुलिन, सिरिंज, ग्लुकोमीटर आणि लॅन्सेट (बोट टोचायची सुई) यांचा स्पष्ट उल्लेख हवाच. आईचं पत्र वेगळं, बाबांचं वेगळं. तीन प्रती काढा: एक पर्समध्ये, एक मोठ्या बॅगेत, एकीचा फोटो ताईकडे. डॉक्टरांनी जेनेरिक नावं लिहायची, तीही शक्यतो कॅपिटलमध्ये, हा नियम २०१६ पासून आहे. त्यामुळे मागायला संकोच नको.

किती न्यायची, यावर सगळ्यात जास्त गोंधळ असतो. अमेरिकेचा ठोकताळा ९० दिवसांचा आहे: स्वतःपुरतं, तीन महिन्यांपर्यंतचं. राहायची मुदत सहा महिन्यांची मिळाली म्हणून औषधांची मर्यादा आपोआप वाढत नाही. अनेक जण सहा महिन्यांची नेतात आणि त्यांना कोणी विचारत नाही, हेही खरं. पण विचारलं तर निर्णय समोरच्या अधिकाऱ्याचा असतो, आणि थकलेल्या आई-बाबांना तिथे उभं करायची वेळ येऊ नये. पुढची औषधं नंतर कुरिअरने मागवता येतात. त्यासोबत डॉक्टरांचं पत्र, प्रिस्क्रिप्शन, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, आणि औषध स्वतःच्या वापरासाठी आहे असं लिहिलेला कागद लागतो. इन्सुलिन मात्र कुरिअरने पाठवू नका, वाटेत त्याचं तापमान कोण सांभाळणार?

काही गोळ्या तिथेच घेणं सोपं असतं. मेटफॉर्मिन, अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, लिव्होथायरॉक्सिन ही तिथली रोजची औषधं आहेत. मात्र आपल्याकडची चिठ्ठी तिथल्या फार्मसीत चालत नाही, तिथल्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं. प्रवासी विमा नेहमीच्या औषधांचे पैसे सहसा देत नाही. तेव्हा ताईला आत्ताच सांगा, आई-बाबा पोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तिच्या डॉक्टरांकडे एक भेट ठरवून ठेव.

खरी अडचण तिथे मिळतच नाहीत अशा गोळ्यांची. आपल्याकडे ज्या घरातल्या मिसळणाच्या डब्याइतक्या ओळखीच्या झाल्यात, त्यातल्या कितीतरी अमेरिकेत विक्रीलाच नाहीत. मधुमेहातलं टेनेलिग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन आणि ग्लिक्लाझाइड. बीपीचं सिल्निडिपिन. दुखण्यावरचं असिक्लोफेनॅक आणि निमेसुलाइड. हृदयाची झडप बदललेल्यांना रक्त पातळ ठेवायला देतात ते असेनोकुमारॉल, म्हणजे आपली ॲसिट्रॉम. ही हरवली किंवा संपली तर तिथला कोणताही फार्मासिस्ट काही करू शकत नाही. बाबांच्या यादीत यातलं काही असेल तर निघण्याच्या किमान दोन महिने आधी डॉक्टरांना विचारा, की दोन्ही देशांत मिळेल असं दुसरं औषध चालेल का. बदल केलाच तर साखर आणि बीपी सांगलीतच, ओळखीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्थिरावू दे. विमानात बसायच्या आठवड्यात नवी गोळी सुरू करू नका.

आता इन्सुलिन. इथे मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण चूक झाली तर जिवाशी खेळ आहे.

भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिली असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. अमेरिकेत माणसांचं बाटलीतलं नेहमीचं इन्सुलिन १०० युनिट प्रति मिली, सिरिंज नारिंगी टोपणाची. ४०ची सिरिंज तिथे मिळते ती पाळीव प्राण्यांसाठी. समजा बाबा सकाळी २० युनिट घेतात. इथली बाटली संपली, तिथली आणली आणि सिरिंज तीच जुनी लाल टोपणाची. २०च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जातील ५० युनिट, अडीचपट. उलट इथली बाटली आणि तिथली नारिंगी सिरिंज वापरली, तर त्याच २०च्या रेघेवर जातील फक्त ८ युनिट. पहिल्या चुकीत साखर कोसळून माणूस बेशुद्ध पडू शकतो, दुसरीत साखर दिवसेंदिवस चढत राहते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

ही गफलत होणं फार सोपं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ह्यूमन इन्सुलिन प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं. ताई धावपळीत एक बाटली घेऊन येईल आणि सगळ्यांना वाटेल, काम झालं. भरीला, आपण ज्याला ३०/७० म्हणतो त्यावर तिथे ७०/३० छापलेलं असतं. औषध तेच असतं, आकडे उलटे. म्हणून दोन नियम घरात सगळ्यांना सांगा. इथली बाटली, इथलीच सिरिंज. तिथली बाटली, तिथलीच सिरिंज. नेलेल्या सिरिंजच्या पाकिटावर जाड मार्करने ‘फक्त भारतातल्या बाटलीसाठी’ असं लिहा.

माझं स्पष्ट मत असं की डॉक्टर हो म्हणाले तर बाबांना आत्ताच इन्सुलिनच्या पेनवर न्या. ३०/७०च्या पेनमधलं इन्सुलिन इथेही १०० युनिट प्रति मिली असतं आणि तिथेही. युनिट खटक्यावर मोजली जातात, रेघेचा प्रश्नच राहत नाही. हात थरथरणाऱ्या, डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या माणसाला तर ते फारच बरं. हिशोबासाठी सांगते: दिवसाला ३४ युनिट लागत असतील तर १० मिलीची ४०ची बाटली साधारण पावणेबारा दिवस पुरते, ३ मिलीचं पेन पावणेनऊ दिवस. पेन टोचताना दर वेळी सुई तपासायला दोन युनिट सोडावी लागतात, तेही हिशोबात धरा.

इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीही नाही. बॅगा हरवतात हे एक कारण, आणि खालच्या भागात ते गोठू शकतं हे दुसरं. एकदा गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी निकामी, ते टाकूनच द्यायचं. म्हणूनच बाटली बर्फाच्या पॅकला थेट चिकटवू नका. पॅक टॉवेलमध्ये गुंडाळा आणि मध्ये आडोसा ठेवा. न उघडलेलं इन्सुलिन घरी २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, पण प्रवासाच्या दोन दिवसांत त्याला काही होत नाही. तुमच्या पाकिटावर किती तापमानाला किती दिवस चालतं ते छापलेलं असतं, तेवढं वाचा. विमानातल्या हवेपेक्षा मला सांगली ते मुंबईच्या गाडीप्रवासाची काळजी जास्त वाटते. ऑक्टोबरची उन्हं, जेवायला थांबल्यावर बंद गाडी आणि डॅशबोर्डवरची पिशवी. गाडीतून उतराल तेव्हा ती पिशवीही उतरली पाहिजे.

सिक्युरिटीला इन्सुलिन, सुया आणि पॅक ट्रेमध्ये वेगळे काढून ठेवा आणि आधीच सांगा, पत्र हातात असू दे. सोबत ग्लुकोमीटर, त्याच्या पुरेशा पट्ट्या, साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज, आणि बिस्किटं. पट्ट्या इथूनच न्या, मशीनच्या मॉडेलप्रमाणे त्या बदलतात.

वेळेचं काय, हे बऱ्याच जणांच्या निघायच्या दिवशी लक्षात येतं. पश्चिमेकडे जाताना तो दिवस साडेनऊ तासांनी लांबतो. बीपी आणि थायरॉइडची रोज एकदाची गोळी पोचल्यावर तिथल्या सकाळी सुरू केली तरी चालते. दोन वेळच्या इन्सुलिनचं मात्र मी इथे बसून सांगणार नाही. तिकिटावरच्या वेळा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कोणत्या जेवणाला किती, हे कागदावर लिहून आणा. बाबांना एक सांगून ठेवा: जेवणाचा ट्रे प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय विमानात इन्सुलिन टोचायचं नाही.

आईच्या औषधांत दोन गोष्टी तपासा. झोपेची गोळी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असेल, तर ती अमेरिकेत नियंत्रित औषधांत मोडते. ट्रामाडॉलही तसंच, आणि ते गुडघेदुखीच्या जोडगोळ्यांमध्ये पॅरासिटामॉलसोबत असतं, लोकांना माहीतही नसतं. भारतातही २०१८ पासून ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली आहे. ही नेऊच नयेत असं नाही. पण गरजेपुरतीच, पत्रात नावानिशी, आणि विचारलं तर लपवू नका. आणखी एक: आपलं पॅरासिटामॉल तिथे असेटामिनोफेन या नावाने मिळतं. सर्दीच्या तयार औषधांतही ते असतं. इथली गोळी आणि तिथलं सर्दीचं औषध एकदम घेतलं तर डोस दुप्पट होतो आणि भार यकृतावर येतो.

तुमचं विमान दुबईमार्गे आहे आणि मध्ये दोन दिवस मामाकडे थांबायचा विचार आहे, असंही लिहिलंय. दुबईत उतरलात की यूएईचे नियम लागू. तिथे या नियंत्रित गोळ्यांसाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते, आणि ते नियम फार कडक आहेत. औषध नसलेली एक वस्तूही इथे सांगायलाच हवी: खसखस तिथे चालत नाही. दिवाळीच्या तोंडावर चाललात म्हणजे डब्यात अनारसे आणि करंज्या असणारच. सगळाच फराळ खसखशीशिवाय करा, नाहीतर नेऊच नका. कोणी ‘आमच्या मुलासाठी एवढी औषधं देता का’ म्हणून पाकीट दिलं तरी घेऊ नका. जवळचा माणूस असला तरी नाही म्हणा.

आयुर्वेदिक चूर्णं घरी पुडीत बांधलेली नकोत, कंपनीच्या सीलबंद डबीतलीच न्या. भस्मं आणि रसकल्प, म्हणजे धातू घालून केलेली औषधं, मात्र ठेवून जा. त्यांत पारा, शिसं असू शकतं आणि अमेरिकेत त्याबद्दल अधिकृत इशारे दिलेले आहेत.

मोठ्या बॅगेत काय जाऊ शकतं? मलम, इसबगोल, जादा कापूस, गुडघ्याचे पट्टे. गोळ्या सगळ्या हातातल्या बॅगेत. आईच्या पर्समध्ये आईच्या, बाबांच्या बॅगेत बाबांच्या, आपापल्या पत्रासह.

आता बाबांच्या आणि आईच्या स्ट्रिपांवर ब्रँडच्या खाली किंवा वर बारीक अक्षरात जी जेनेरिक नावं आहेत, ती मिलिग्रॅमसकट इथे लिहा. यातली कोणती तिथे मिळत नाहीत आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते मी एकेक करून सांगते.