लॅपटॉप विंडोजमध्ये बंद पडतो, उबुंटूमध्ये मात्र चालतो, दोष कशाचा?

सांगलीत उन्हाळा सुरू झाल्यापासून व्हिडिओ एडिटिंग करताना विंडोजमध्ये लॅपटॉप अचानक बंद पडतो आणि उबुंटू या लिनक्स प्रणालीमध्ये तासन्‌तास चालतो, एवढ्यावरून दोष विंडोजला देऊ नये. उबुंटूमध्ये आपण केवळ ब्राउझर वापरत असाल, तर ही तुलनाच होत नाही. दोन्हींत एकच जड काम अर्धा तास चालवावे आणि उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ या आज्ञेने, तर विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रामने तापमान पाहावे. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात आणि तरीही उष्णता वाढली तर यंत्र बंद होते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद यंत्र नीट बंद झाले नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही. अनेकांची फसगत इथेच होते.

मार्केट यार्डातील हळदीच्या अडतीत वापरलेला एक लॅपटॉप मी उघडला, तेव्हा पंख्यापुढच्या बारीक जाळीवर पिवळसर धुळीचा घट्ट थर बसला होता. पंखा फिरत होता, पण हवा बाहेर पडतच नव्हती. तापमान कमी असूनही यंत्र बंद पडत असेल, तर मात्र मेमटेस्टने रॅम तपासावी, कारण ती चाचणी दोन्ही प्रणालींच्या बाहेर चालते.