भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतोय, आता बरा झालाय, तरी नॅलॉक्सोन (अफूच्या जातीच्या नशेचा ओव्हरडोस उतरवणारं औषध) घरात ठेवायची गरज आहे का?

आहे. आणि केंद्रात जायच्या आधी होती त्यापेक्षा आता जास्त आहे. तुम्ही लिहिलंय की तो ब्राऊन शुगरपर्यंत (भेसळीचं हेरॉईन, अफूच्याच जातीचं) गेला होता आणि आता काही महिने एकदम क्लीन आहे, तर धोका तिथंच आहे हो. शरीराची सवय मोडलेली असते पण डोक्यात जुना डोस तसाच असतो. एखाद्या दिवशी पाय घसरला की माणूस जुन्याच मापानं घेतो, आणि आधी जेवढ्यात नुसता डुलायचा तेवढ्यात श्वास बंद पडतो. जेलमधून सुटलेल्यांचंही हेच होतं. केंद्रवाले पोराला सोडताना फीचा हिशोब देतात, हे सांगत नाहीत.

माझं सोलापुरात पूर्व भागात मेडिकल आहे, ट्रामाडॉल (अफूच्या जातीचं वेदनाशामक), अल्प्राझोलाम (झोपेची गोळी) असली औषधं कुणाला विकली त्याचं सक्तीचं एच-वन रजिस्टर रोज लिहितो, त्यामुळं कोण काय मागायला येतं ते दिसतं. पण मी लिहितोय ते पुतण्यामुळं. तो केंद्रातून आला तेव्हा मी दादाला म्हणलं, पोराशी सरळ बोलू, घेऊ नकोच, पण घेतलीसच तर एकटा घेऊ नको, आतून कडी लावू नको, दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर तर अजिबात नको, जुना डोस विसर, दुसऱ्याची सुई वापरू नको. दादा भडकला. "काय करलालास बे, पोराला नशा कशी करायची ते शिकवायलास?" विषय संपला.

मग गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस आले, घरातले सगळे होम मैदानावर, हा एकटा माडीवर. वहिनी लवकर परतल्या, तर हा घोरतोय. त्यांना वाटलं, चला, बऱ्याच दिवसांनी पोरगं गाढ झोपलंय. शेजारच्या तेलुगू आजी वर आल्या आणि म्हणाल्या हे घोरणं नाही, घशात गुरगुरतंय, ओठ बघा. ओठ निळे. मला हाक मारली, मी गेलो तोवर एकानं नाकाला कांदा धरलेला, दुसरा लिंबू पिळून आणतोय. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतलं तर ते फुप्फुसात जातं, एवढं तरी लक्षात ठेवा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीच्या हाडावर मूठ घासली तरी हालचाल नाही, श्वास कधीतरी एखादा. १०८ ला फोन लावायला सांगून मी त्याची हनुवटी वर केली, नाक धरलं आणि तोंडानं श्वास देत राहिलो, पाच-सहा सेकंदाला एक. अफूच्या जातीची सगळी औषधं आधी मेंदूतलं श्वासाचं केंद्र झोपवतात, हृदय बऱ्याचदा नंतर थांबतं, म्हणून श्वास देणं हाच तेवढ्यापुरता इलाज.

कॅज्युअल्टीत नॅलॉक्सोन टोचलं आणि दोन-तीन मिनिटांत हा उठून बसला, घामाघूम, उलट्या, सगळ्यांना शिव्या. दादा लगेच म्हणतो घरी नेऊ, पोलीस केस होईल, लोक काय म्हणतील. डॉक्टरनी ऐकलं नाही म्हणून बरं, कारण हे इंजेक्शन साधारण अर्धा ते दीड तास टिकतं आणि नशा त्यापेक्षा जास्त. तासाभरानं तो परत बुडायला लागला, दुसरा डोस द्यावा लागला. घरी नेला असता तर मेला असता. आणि पोलिसांचं म्हणाल तर हॉस्पिटल एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) नोंद करू शकतं, पण एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातच ६४-ए कलम आहे, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला लहान प्रमाणासाठी खटल्यातून सूट आहे.

आता पुतण्या ब्युप्रेनॉर्फिनवर आहे, नशेची तलफ दाबणारी, जिभेखाली ठेवायची गोळी, कामाला जातो, जेवतो, रात्री झोपतो. दादाचं अजून चालूच आहे, एक नशा सोडून दुसरी लावली म्हणे. अरे मग स्वतःची शुगरची गोळी बंद कर की! केंद्र सरकारची नॅको (एड्स नियंत्रण संस्था) सुया वाटते आणि हीच गोळी देते, डब्ल्यूएचओनं २०१४ सालीच सांगितलंय की ओव्हरडोस ज्यांच्या डोळ्यांसमोर होऊ शकतो त्यांच्या हातात नॅलॉक्सोन पाहिजे. अमेरिकेत २०२३ पासून नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो. आपल्याकडं मुख्यतः इंजेक्शन, ते पण चिठ्ठीवर, आणि बहुतेक मेडिकलात मागवावं लागतं. माझ्याकडं असतं.

तुमचा प्रश्न कुठं मिळेल असाही होता. भावाचे जे मानसोपचारतज्ज्ञ असतील त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या, तो घरी यायच्या आधी घ्या, आणि मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूत कसं द्यायचं ते त्यांच्याच समोर शिका, मोबाईलवर बघून नको. दिल्यावर कुशीवर झोपवा, शेजारीच बसा, १०८ रद्द करू नका. दारू किंवा अल्प्राझोलामवर हे चालत नाही, तरी शंका असली तर द्या, नुकसान होत नाही. ट्रामाडॉलच्या ओव्हरडोसमध्ये झटके येऊ शकतात, तिथं हॉस्पिटलच पाहिजे. ब्युप्रेनॉर्फिन मनानं सुरू करू नका, नशा अंगात असताना घेतली तर हाल होतात. कुणाकडं जायचं कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाईन आहे.

आणि भावाशी तुम्ही स्वतः बोला, वडिलांना मध्ये घेऊ नका. निदान पहिल्यांदा तरी.